मासातलानमध्ये मी वरात समजून नाचले

मुग्धा, म्हणजे माझी लेक, नाशिकमध्ये सातपूरच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. या कंपनीचा एक कारखाना मेक्सिकोत आहे हे आम्हाला तिची बदली होईपर्यंत माहीतच नव्हतं. दोन वर्षांसाठी ग्वादालाहारा नावाच्या शहरात. पहिलं वर्ष व्हिडिओ कॉलवर निघून गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीत ती म्हणाली, “आई, या वर्षी नाही आलीस तर मीच परत येईन. मग बस नकाशात मेक्सिको बघत.”

दिलीप, म्हणजे आमचे हे, वर्कशॉप सोडून हलायला तयार नव्हते. “तू जा. तुला फिरायची हौस. मी तुझे फोटो बघीन,” म्हणाले. माझं कामही लग्नाच्या हंगामातलं. गंगापूर रोडला घरीच मी रुखवत करून देते. साखरेचे नारळ, लोकरीचे राघू, बाहुल्यांचं लग्न, हल्ली तर थर्मोकोलचं विमानतळसुद्धा. संक्रांतीनंतरच्या ऑर्डरी या वेळी घेतल्याच नाहीत आणि निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. माझा होता, बहिणीकडे जाऊन आल्यामुळे. तरी नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी स्वतः खात्री करा. नाशिकहून पहाटे गाडीने मुंबई, मग दोन विमानं बदलून मेक्सिको सिटी, तिथून ग्वादालाहारा. पोचेपर्यंत पाय सुजून चपलेत मावेनात. सुती मोजे आणि पिशवीत चिवडा, या दोन गोष्टी विसरू नका.

फेब्रुवारीत मुग्धाला शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, मंगळवारची तिने रजा टाकली. “समुद्रावर जाऊ,” ती म्हणाली. पॅसिफिकच्या काठावरचं मासातलान बसने सहा-सात तासांवर आहे. तिकीट सातशे-आठशे पेसो, एका पेसोला आपले साधारण साडेचार-पाच रुपये धरा. बस इतकी ऐसपैस, की मी चपला काढून मांडी घालून बसले. बाहेर निळसर घायपाताची शेतं. आपल्याकडे बांधावर चारदोन दिसतात ती झाडं इथे द्राक्षबागेसारखी ओळीत लावलेली. यांचीच दारू काढतात म्हणे. मग डोंगर, बोगदे, आणि संध्याकाळी खिडकीतून खारट वारा. पोचल्यावर घड्याळ एक तास मागे घ्यायचं, कारण हे राज्य ग्वादालाहाराच्या एक तास मागे चालतं.

आमचं राहणं जुन्या गावात होतं. आठ खोल्यांचं छोटं हॉटेल, मधे चौक, चौकात पपईचं झाड. मालकीण कोंचाबाई, साठीच्या. त्या इंग्रजी अजिबात बोलत नसत आणि मी स्पॅनिश. तरी पहिल्याच सकाळी त्यांनी मला खुणांनीच विचारलं, की ही तुझी मुलगी लग्न कधी करणार. मीही खुणांनीच कपाळावर हात मारला. मुग्धा चिडली, आम्ही दोघी हसलो.

रविवारचा दिवस सगळा पायी. आणि मासातलान पायीच बघावं. समुद्राला धरून एक पदपथ जातो, मैलोन्‌मैल. सकाळी त्यावर पळणारे, सायकलवाले, पेलिकन पक्ष्यांकडे तोंड करून नुसते बसलेले म्हातारे. एका कड्यावरून पोरं खालच्या फेसात सूर मारतात, आणि लाट नेमकी भरून येईपर्यंत थांबतात. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तिथून आत वळलं की रंगीत भिंतींची बुटकी घरं, पिवळ्या मनोऱ्यांचं मोठं चर्च, आणि त्यामागे बाजार. बाजाराजवळच्या रस्त्यावर बायका टोपल्यांत कोळंबी मांडून बसलेल्या. आमच्या येवल्याच्या आत्येसासूबाई कांदे जशा पुढे ढकलतात, तशी त्या कोळंबी ढकलतात, जोडीला अनोळखी माणसालाही घरच्यासारखी हाक.

दुपारी आग्वाचिले खाल्लं. कच्ची कोळंबी, भरपूर लिंबू, हिरव्या मिरचीचं वाटण, वर काकडी आणि कांदा. मला वाटलं होतं मिरची ही आपली मक्तेदारी. दुसऱ्या घासाला नाक गळायला लागलं. शाकाहारी मंडळींना बीन्स आणि चीजवर निभावून न्यावं लागेल, पण फळं मुबलक. दुखरे गुडघे असतील तर ‘पुल्मोनिया’ नावाची उघडी टॅक्सी मिळते. बसण्यापूर्वी भाडं ठरवा.

आणि संध्याकाळी वरात.

गावातल्या एका चौकात कॉफी पीत होतो, तर गल्लीतून बँड आला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, भलामोठा ढोल. मागे नवरानवरी, पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे, हातात रुमाल. इथे लग्नानंतर नवरानवरीला अशी गावातून मिरवायची रीत आहे, मुग्धाने सांगितलं. मी उठून उभी राहिले. आता माझ्याबद्दल एक सांगते. लग्न हा माझा धंदा आहे, आणि वरातीत नाचणं ही माझी खोड. घरचं लग्न असो, परक्याचं असो, बँड वाजला की मी आत. नवरीच्या मावशीने मला बघितलं, हाताला धरून ओढलंच. दोन गल्ल्या मी त्यांच्यात नाचले. कुणीतरी रुमाल दिला. मुग्धा हसत शूटिंग करत होती. नवरीने माझ्या गालाचा मुका घेतला. आमच्या ‘घरचे सगळे’ ग्रुपवर तो व्हिडिओ गेला, आणि अनिल भावजींनी, म्हणजे यांच्या धाकट्या भावाने, लिहिलं, “वहिनींनी मेक्सिको जिंकलं!”

त्या संध्याकाळचा मला अजूनही पश्चात्ताप नाही. मला बोलावलं होतं.

सोमवारी मेक्सिकोत सुट्टी होती, पण सातपूरच्या लोकांना मेक्सिकोची सुट्टी कुठली माहीत? सकाळी आठ वाजता मुग्धा लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली. “आई, तासाभरात संपेल. लांब जाऊ नकोस.”

मी समुद्राच्या कडेने उत्तरेकडे चालत निघाले. हॉटेलं संपतात तिथे कोळ्यांचा किनारा लागतो. वाळूवर ओढलेल्या होड्या, जाळी, वजनकाटे, आणि माशांच्या टाकाऊ भागावर तुटून पडणारे पेलिकन. तिथले मासे बघून मी रस्ता ओलांडून मागच्या वस्तीत शिरले. पर्यटकांची वस्ती नव्हे ती. दारातल्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे, एक शाळा, सुट्टीमुळे बंद. आणि तेवढ्यात बँड.

कालचाच ढोल, कालचीच ट्रम्पेटं. गल्लीच्या कोपऱ्यावरून मोठा जमाव येत होता. बहुतेकांच्या अंगात पांढरे शर्ट. पांढरे फुगे. काही पुरुषांच्या हातात बिअरचे डबे, काही जण बँडबरोबर मोठ्याने गात होते. गाणंही ठेक्याचं. जमावाच्या मागे एक पिकअप गाडी फुलांनी भरलेली हळूहळू येत होती. मला वाटलं, नवरानवरी त्यात असणार.

मी फोन काढला. आडवा धरला, शूटिंग सुरू केलं, आणि नेहमीसारखं बोलायलाही लागले. माझे शब्द मला पाठ आहेत, कारण ते मी पुढे फार वेळा ऐकले. “बघा रे, आज दुसरी वरात! घोडा नाही, हार नाही, नुसताच बँड! नवरदेव कुठे लपलाय कोण जाणे. अहो, बघताय ना? भावजी, तुमच्या पिंट्याच्या लग्नात असा बँड आणू!” मग मी फोन माझ्याकडे वळवला, दुसरा हात वर केला, आणि नाचले. शाळेच्या भिंतीपासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत, सगळ्या गल्लीभर. लोक माझ्याकडे बघत होते. एक म्हातारा किंचित हसलाही. मी त्याला होकार समजले.

कोपऱ्यावर व्हिडिओ थांबवून मी तो ग्रुपवर टाकला. भारतात रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, सगळे जागे. लगेच हसण्याची चित्रं येऊ लागली. मी पुन्हा शूटिंग सुरू केलं आणि जमावाबरोबर रस्ता ओलांडून होड्यांच्या किनाऱ्यावर आले.

तिथे बँड थांबला नाही, पण गाणं बदललं. संथ झालं. पिकअपचा मागचा फाळका कुणीतरी खाली पाडला. फुलांखालून सहा पुरुषांनी एक पेटी बाहेर काढली. लांब, तपकिरी, चकचकीत. खांद्यावर घेतली, आणि बँडच्या तालावर ते सहा जण तिला डावीकडे-उजवीकडे झुलवू लागले, लाटेवरच्या होडीसारखं. एका होडीजवळ जाऊन उभे राहिले, तोंड समुद्राकडे करून. सगळा जमाव एका सुरात रडायला लागला.

माझा एक हात अजून वर होता.

माझ्याच वयाची एक बाई पुढे आली. पांढरा शर्ट, त्यावर छातीशी टाचलेला एका माणसाचा फोटो. दाट मिशी, टोपी, हसरा. तिने माझं मनगट धरलं आणि हात खाली केला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “रेस्पेतो, सेन्योरा.” ‘मान राखा’ एवढं समजायला मला मुलगी लागली नाही.

मी पळाले. खरोखर पळाले, चौपन्नाव्या वर्षी, वाळूतून, पर्स छातीशी धरून. पदपथावर एका बाकावर बसले तेव्हा हातातला फोन अजून शूटिंग करत होता. ग्रुपवर तोवर वीसेक निरोप येऊन पडले होते. अनिल भावजींनी माझा व्हिडिओ स्टेटसला लावला होता, वर लिहिलं होतं, “आमची वहिनी, परदेशी वरातीत!”

मी ग्रुपवरचा व्हिडिओ सगळ्यांसाठी डिलीट केला. फोनमधून दोन्ही व्हिडिओ पुसले, गल्लीतला आणि किनाऱ्यावरचा. कचरापेटीचा फोल्डर उघडून तिथूनही पुसले. तेव्हा माझ्या डोक्यात मेलेला माणूस नव्हता, त्याची माणसं नव्हती. माझा वर केलेला हात कुणालाही दिसू नये, एवढंच होतं.

हॉटेलवर मुग्धाची मीटिंग नुकतीच संपली होती. मी सांगितलं. मला वाटलं होतं ती जवळ घेईल. ती पलंगावर बसून राहिली.

“तू कुणाला विचारलं का नाहीस?”

“कसं विचारणार? मला भाषा...”

“मग नाचायला भाषा लागली नाही?”

मी पायांवरची वाळू झटकू लागले.

“आई, तू पुढच्या महिन्यात नाशिकला जाशील. मी इथे राहते. माझ्या लाइनवर दीडशे माणसं आहेत यांच्यातली. पहिले सहा महिने मी कॅन्टीनमध्ये तोंडसुद्धा उघडलं नाही, काही चुकेल म्हणून. आणि तू...” ती उठली. बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

दुपारी आम्ही जेवलो नाही. ठरल्याप्रमाणे दीपगृहाच्या टेकडीवर मात्र चढलो, कारण खोलीत बसवेना. वरून तिन्ही बाजूंनी समुद्र दिसतो. चढण अर्ध्या-पाऊण तासाची, पाणी बरोबर घ्या, उन्हाच्या आधी जा. मला तिथलं एवढंच आठवतं, की खाली किनाऱ्यावरच्या होड्या तांदळाएवढ्या दिसत होत्या आणि त्यातली ती होडी कोणती हे मी शोधत होते.

उतरताना मी म्हटलं, “मला माफी मागायचीय.”

“कशाला? त्यांना बरं वाटावं म्हणून की तुला?”

मी म्हटलं, “त्यांना.” ते पूर्ण खरं नव्हतं.

हॉटेलवर मुग्धाने कोंचाबाईंना विचारलं. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, नाचणारी परदेशी बाईसुद्धा. ती मी, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी काउंटरवरची बशी उगीच इकडची तिकडे केली. मग सांगितलं. गेलेल्याचं नाव राऊल, कोळी, हृदयविकाराने गेला. बहिणीचं नाव आल्मा. आज दफन झालं, आजपासून नऊ संध्याकाळी घरी प्रार्थना असते. दार उघडं असतं, कुणीही जाऊ शकतं. रिकाम्या हाताने जाऊ नका. साखर, कॉफी, मेणबत्त्या, असं काही.

साखर आणि कॉफी घेऊन आम्ही सहाच्या सुमारास गेलो. शाळेवरून तीच गल्ली. घरासमोर रस्त्यातच ताडपत्री बांधलेली, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं पातेलं. हे दृश्य मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सकाळी जर खुर्च्या दिसल्या असत्या तर, असं मनात आलं, आणि मनात आल्याचीही लाज वाटली.

आल्मा दारातच होती, सकाळी माझं मनगट धरणारी तीच. तिने मला ओळखलं. मुग्धाने बोलायला सुरुवात केली. मी वाटेत घोकलेलं, “पेर्दोनेमे,” मला क्षमा करा, एवढं म्हटलं आणि हात जोडले. आल्माने साखरेची पिशवी घेतली, आत कुणाला तरी दिली. मुग्धाचं बोलणं अर्ध्यात थांबवून तिने काहीतरी विचारलं. मुग्धाने माझ्याकडे बघितलं.

“आई, ती विचारतेय, तू शूटिंग करत होतीस ना? ते तुझ्याकडे आहे का?”

मला वाटलं, ती ते पुसायला सांगणार. मी घाईघाईने म्हटलं, “सांग, पुसलं. सगळं पुसलं, काळजी करू नका म्हणावं.”

मुग्धाने सांगितलं. आल्माने डोळे मिटले. मग जे बोलली ते मुग्धाने मला थांबत थांबत सांगितलं. राऊलचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे तिथली कागदपत्रं नाहीत. एकदा इकडे आला तर परत जाता येणार नाही, आणि तिथे त्याची दोन लेकरं आहेत. तो आला नाही. त्याचा चुलतभाऊ फोनवरून त्याला सगळं थेट दाखवत होता. शाळेच्या कोपऱ्यावर कॉल तुटला, मग फोनच बंद पडला. बाकीचे वाजवत होते, खांदा देत होते, रडत होते. पुढचं त्याला दिसलं नाही. कुणीतरी म्हणालं, ती बाई शूटिंग करत होती.

गल्लीतला व्हिडिओ भावजींच्या फोनमध्ये असणार, हे मला आठवलं. किनाऱ्यावरचा कुणाकडेच नव्हता. तो माझ्या एकटीच्या फोनमध्ये होता.

मी म्हटलं, “एक असू शकेल. घरी.”

तिथेच ताडपत्रीखाली उभं राहून मुग्धाने भावजींना फोन लावला. नाशिकला सकाळचे साडेसहा-सात. गडबडीत तिचा स्पीकर चालू राहिला.

“काय गं मुग्धे! वहिनी काय सुपरहिट झाल्या, माहितीये? व्हिडिओ डिलीट का केला त्यांनी? माझ्या स्टेटसला बघ, सगळं सातपूर विचारतंय!” त्यांचं मोठं हसू त्या खुर्च्यांवरून गेलं. डोक्याला रुमाल बांधलेल्या दोन म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या.

मी फोन घेतला. “भावजी, ती मयत होती.”

“काय?”

“वरात नव्हती. अंत्ययात्रा होती. मी त्यांच्या दारात उभी आहे. तुम्ही काही लिहिलेला नको, मूळ व्हिडिओ पाठवा.”

मग अगदी हळू, “हो वहिनी. लगेच.”

व्हिडिओ आला. आल्माने मुग्धाचा फोन हातात घेतला, चष्मा लावला. आठ-दहा माणसं मागे उभी राहिली. बँड सुरू झाला आणि त्याबरोबर मी. “बघा रे, आज दुसरी वरात!” माझा आवाज बँडच्याही वर होता. मग कॅमेरा वळला, आणि माझं तोंड आलं, घामेजलेलं, हसणारं, लिपस्टिक लावलेलं. माझ्या खांद्यामागे फुलांची गाडी दिसायची, मी नाचताना दिसेनाशी व्हायची, पुन्हा दिसायची. त्या लोकांना गाडी बघायची होती. प्रत्येक वेळी मी आड येत होते.

संपल्यावर आल्माने विचारलं, “के दिसे?” काय म्हणतेय ती?

मुग्धा मला मराठीत म्हणाली, “मी सांगते, तू म्हणत होतीस की किती छान बँड आहे.”

इतका वेळ जी माझ्यावर चिडली होती ती मला वाचवायला खोटं बोलायला तयार होती. मी म्हटलं, “नको. जे आहे ते सांग.”

तिने सांगितलं. एकेक वाक्य. नवरदेव कुठे लपलाय, यापाशी तिचा आवाज खाली गेला. मागची माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणी हसलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. आल्माने चष्मा काढला आणि एकच गोष्ट विचारली, अगदी कामाच्या स्वरात. हिचा आवाज काढता येईल का?

मुग्धाने तिला समजावलं. आवाज काढला तर बँडही जाईल. दोन्ही एकातच आहेत.

आल्माने थोडा विचार केला. “मग राहू दे,” म्हणाली. व्हिडिओ स्वतःच्या फोनवर घेतला. “यापुढचं नाही ना?” तिने विचारलं.

आणि मी मान हलवली. नाही.

“ग्रासियास,” तिने आभार मानले. “आता आम्हाला प्रार्थना सुरू करायचीय.”

खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणाली नाही. आम्ही निघालो. परत येताना समुद्रावर लोक सूर्यास्ताचे फोटो काढत होते. मी खरं ते लिहिते. जाताना माझ्या मनात एक चित्र होतं, की ती बाई मला मिठी मारेल, कॉफी देईल, आम्ही दोघी रडू, आणि मी या ब्लॉगवर लिहीन की दुःखाला भाषा नसते. त्या चित्रासाठी मी गेले होते. मुग्धाने टेकडीवर विचारलं तेव्हा तिला ते दिसलं होतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून होती. अर्ध्या वाटेवर एका थांब्यावर तिने दोन उकडलेली कणसं आणली, एक माझ्या हातात दिलं. “खारट आहे,” म्हणाली. मी म्हटलं, “चालेल.” मग तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि झोपली. पुढचे तीन आठवडे ग्वादालाहारात आम्ही खूप हिंडलो, त्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्याला या लेखात जागा नाही.

नाशिकला आल्यावर भावजी घरी आले. स्टेटस त्यांनी त्याच मिनिटाला काढला होता, पण तोवर तो कुठे कुठे पोचला होता. पैठणी घ्यायला येवल्याला गेलो, तर दुकानात नात्यातल्याच एका बाईने ओळखलं. “मेक्सिकोवाल्या काकू ना तुम्ही? लय भारी नाचता!” मी तिला सांगितलं की ती वरात नव्हती, मयत होती. ती आधीपेक्षा जास्त हसली. “काय सांगता! मयतीत नाचलात?” दुकानातले सगळे हसले. आमचे हे गंभीर चेहऱ्याने पैठणीचा पदर बघत राहिले.

गेल्या आठवड्यात मुग्धाचा फोन आला. आल्माने तिला निरोप पाठवला होता. राऊलच्या मुलाने व्हिडिओ बघितला. पुष्कळदा बघितला. तो विचारत होता, त्या बाईने किनाऱ्यावरही फोन धरलेला होता असं दोघा-तिघांनी सांगितलंय. वडिलांना होडीपाशी नेलं ते तिच्याकडे खरंच नाही का?

“काय कळवू?” मुग्धाने विचारलं. किनाऱ्यावरचाही व्हिडिओ होता, हे तिलाही मी तोपर्यंत सांगितलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभी होते. “नाही” हा शब्द तयार होता, एकदा चाललाही होता. मी म्हटलं, “लिही. होतं. सहा जणांनी उचललं, समुद्राकडे तोंड केलं, झुलवलं, सगळं होतं. माझी लाज लपवायला मी ते पुसलं. आणि तुमच्या दारात खोटं बोलले.”

मुग्धाने माझी वाक्यं एकदा परत म्हणून पाहिली. मग म्हणाली, “हे असंच लिहू?”

“असंच. आणि मला जे दिसलं ते सगळं मी सांगते, तेही लिही. होडीचा रंग, कोण कुठे उभं होतं, गाणं कसं बदललं. त्याला हवं असेल तर.”

आम्ही तासभर बोललो. मी आठवून सांगत गेले, ती स्पॅनिशमध्ये लिहीत गेली. होडी निळी होती, काठाला पिवळा पट्टा. पुढचा उजवीकडचा माणूस अनवाणी होता. लाट त्यांच्या पायांपर्यंत आली तेव्हा कुणी मागे सरकलं नाही. मला वाटलं होतं मी काही बघितलंच नाही, पण बरंच बघितलं होतं.

निरोप गेला. आल्माने वाचला, एवढं मुग्धाच्या फोनवर दिसतं. उत्तर आलेलं नाही.